लष्करी रस्त्याने ओकच्या रानात

मामा वनखात्यातून निवृत्त झाला त्याला चार वर्षं झाली. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं त्याने कन्नड आणि गौताळ्याच्या रानात काढली. बीटवर फिरायला तेव्हा जीप कुठली, सायकलच असायची. ती सवय अजून सुटलेली नाही. साठी ओलांडल्यावरही दर रविवारी तो नाशिकहून त्र्यंबकेश्वरला सायकलवर जाऊन येतो. मी सात वर्षं आयर्लंडमध्ये, डब्लिनला राहते. गेल्या मे महिन्यात तो माझ्याकडे यायचा ठरला, तेव्हा फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला तो जंगलाचा.

"अगं, फोटोत तुमचा देश नुसता हिरवागार दिसतो. जंगल किती आहे?"

"साडेअकरा टक्क्यांच्या आसपास."

फोनवर थोडा वेळ शांतता. "एवढंच?"

एवढंच. विसावं शतक सुरू झालं तेव्हा तर देशात जेमतेम एक टक्का जमिनीवर झाडं उरली होती. आज आहे त्यातलं बरंचसं लावलेलं आहे, आणि त्यातही बाहेरून आणलेला सिटका स्प्रूस सगळ्यांत जास्त. हे ऐकल्यावर मामाने आपणच बेत ठरवून टाकला. जे मूळचं उरलंय ते बघायचं, म्हणजे ओक बघायचा, आणि सायकलवरून बघायचा. गाडीच्या वेगात झाड ओळखू येत नाही, असं तो नेहमी म्हणतो.

मी नकाशा घेऊन बसले. डब्लिनच्या दक्षिणेला रॅथफार्नहॅमपासून निघायचं, विकलोचे डोंगर ओलांडायचे, तिथून कार्लो आणि किल्केनी, आणि शेवटी थॉमसटाउनला रेल्वे पकडून परत. पाच दिवस, साधारण दोनशे किलोमीटर. माझी सायकल होतीच, मामासाठी भाड्याने घेतली. वाहनं इथेही डावीकडूनच चालतात, त्यामुळे त्याला पहिल्या चौकातच रस्ता आपला वाटला.

पहिला दिवस: रॅथफार्नहॅम ते लारा

शहर संपतं आणि चढ सुरू होतो, मध्ये दम घ्यायला सपाटी नाही. किलाकीपाशी थांबून मागे पाहिलं तर अख्खा डब्लिनचा उपसागर पायाशी पसरलेला. तिथून पुढे झाडं संपली. दोन्ही बाजूंना तपकिरी, ओलसर, उघडी माळरानं आणि त्यांतून सरळ निघालेला अरुंद डांबरी रस्ता.

हा रस्ता कोणा गावकऱ्याच्या सोयीसाठी झालेला नाही. १७९८ साली इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला. तो चिरडल्यावरही मायकेल ड्वायर आणि त्याचे साथीदार विकलोच्या डोंगरांत दबा धरून लढत राहिले. तोफा आणि फौज आत नेता येईना, म्हणून १८०० मध्ये सरकारने हा लष्करी रस्ता बांधायला घेतला आणि १८०९ पर्यंत पुरा केला. मध्ये मध्ये बराकी उभारल्या. ड्वायर मात्र रस्ता पूर्ण व्हायच्या आधीच, १८०३ च्या डिसेंबरमध्ये शरण आला आणि पुढे ऑस्ट्रेलियाला रवाना केला गेला. ज्याच्यासाठी रस्ता, तो गेला आणि रस्ता उरला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. मामा एवढंच म्हणाला, "डोंगरातला माणूस पकडायला आधी डोंगर फोडावा लागतो."

ग्लेनक्रीला त्यांतली एक बराक अजून उभी आहे, आज तिथे समेट घडवून आणणाऱ्या संस्थेचं काम चालतं. शेजारी झऱ्याकाठी जर्मन सैनिकांचं लहानसं, अतिशय नीट राखलेलं दफनस्थान आहे. तिथे आम्ही न बोलता पाच मिनिटं उभे राहिलो. ग्लेनक्रीचं हे खोरं तेराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचं राखीव रान होतं, असं मी मामाला सांगितलं. तो उतारावर नजर फिरवत राहिला. राखीव म्हणावं असं तिथे आता काही दिसत नव्हतं.

पुढे डाव्या-उजव्या हाताला टर्फ काढल्याचे चर लागतात. टर्फ म्हणजे हजारो वर्षं साचून दबलेलं शेवाळ आणि गवत. ते विटांसारखं कापायचं, वाळवायचं आणि चुलीत जाळायचं. अशा एका चरापाशी मामाने सायकल आडवी टाकली आणि खाली उतरला. काळ्या भिंतीतून लाकडाचा एक गड्डा बाहेर आला होता. मुळं अजून पसरलेली, साल गेलेली, रंग पिकल्या खजुरासारखा. हे पाइनचं खोड. इथे एके काळी रान होतं, मग हवा ओली झाली, पाणी साचलं, दलदल वाढत गेली आणि झाडं त्यात बुडाली. दलदलीत हवाच शिरत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. मामाने अंगठ्याच्या नखाने त्या लाकडावर हलकेच रेघ ओढून पाहिली. नख उठलं नाही.

"म्हणजे जंगल आपल्या पायाखाली आहे," तो म्हणाला आणि पुन्हा वर यायला बराच वेळ लावला.

सॅली गॅप ही खिंड साधारण ५०० मीटरवर. 'सॅली' म्हणजे विलोचं झाड, आज तिथे विलोचं झुडूपही नजरेला पडत नाही. वारा समोरून असा की उतारावरही पेडल मारावं लागत होतं. रस्त्याच्या कडेला दगडाआड बसून सोडा ब्रेडवर शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली. हा ब्रेड यीस्टशिवाय, खायचा सोडा आणि ताक घालून करतात. वरून जाड, भाकरीसारखा भेगाळलेला आणि आतून ओलसर. चटणी त्यावर अशी बसते की जणू त्याच्यासाठीच कुटली असावी.

लिफी नदी याच माळावर उगम पावते. डब्लिनमध्ये रोज ओलांडते ती एवढी रुंद नदी इथे पायाने ओलांडता येईल एवढी. मग ग्लेनमॅक्नासचा धबधबा, त्याच्या कडेने सुसाट उतार, आणि लारा गाव. ४५ किलोमीटर झाले होते. मे महिन्यात इथे रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्या उजेडात मामा डायरी लिहीत बसला. खात्यात असताना रोजची फिरती लिहावी लागायची, तो हात अजून थांबलेला नाही.

दुसरा दिवस: ग्लेंडलॉक, क्लारा आणि एव्हनडेल

ग्लेंडलॉकला सकाळी सातलाच पोचलो, बस भरून माणसं यायच्या आधी. ग्लान दा लोख, म्हणजे दोन तळ्यांचं खोरं. सहाव्या शतकात संत केविन एकांतासाठी इथे आला आणि त्याच्यामागून मठ, शाळा, वस्ती असं सगळं आलं. तीस मीटर उंच गोल मनोरा अजून ताठ उभा आहे. दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर, म्हणजे शिडीशिवाय आत जाता येत नाही. मनोऱ्याचं टोकदार छत १८७६ मध्ये जुनेच दगड वापरून पुन्हा बसवलं. मनोरा पाहून मी हरखले होते, मामाचं लक्ष मात्र मागच्या उतारावर.

वरच्या तळ्याच्या बाजूला ओकचं रान चढत गेलं आहे. मामा पायवाटेवरून पंधरा-वीस पावलं आत पाहत राहिला आणि मग मला बोलावलं. "हे बघ, एकाच बुंध्यातून चार खोडं. हे झाड तोडलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. तोडलं की फुटवा येतो, तो वाढला की परत तोडायचा." थोडं पुढे उतारावर एक सपाट गोल जागा होती, कोणी मुद्दाम उकरून केल्यासारखी. "आणि ही कोळशाची भट्टी. आपल्याकडे अशा शंभर पाहिल्यात मी." अगदी बरोबर. या रानात कोळसा पाडायचे, त्याच्या सपाट जागा अजून दिसतात. शेजारच्या डोंगरात शिशाच्या खाणी होत्या. कोळसा लोखंड वितळवायला जायचा, साल कातडी कमवायला, सरळ खोडं जहाजांना आणि पिंपांना. कुऱ्हाड आणि व्यापार यांनी मिळून हा देश उघडा केला. मी ग्लेंडलॉकला दहा वेळा तरी आले असेन. ती गोल जागा मला कधीच दिसली नव्हती.

लारापासून रॅथड्रमकडे जाणारा रस्ता एव्हनमोर नदीच्या वरच्या अंगाने जातो. मध्ये क्लारा नावाचं इवलंसं गाव. एक पूल, एक देऊळ, चार घरं. या खोऱ्यातलं ओकचं रान राखीव आहे, आणि हिमयुग सरल्यापासून इथे कमीअधिक प्रमाणात झाडं टिकून राहिली आहेत. सायकली टेकवून आत शिरलो आणि पहिला आला तो वास, रानलसणाचा. ओल्या जमिनीवर पांढऱ्या फुलांचा सडा आणि त्यातून उठणारा फोडणीसारखा दर्प. त्याच्यापलीकडे ब्लूबेल, बहर ओसरत आलेला, तरी सावलीत निळसर धूर साचल्यासारखा दिसत होता. ओकला नुकती पालवी फुटली होती. नवं पान हिरवं नसतंच, पितळी-तांबूस असतं, आपल्या कुसुंबाची कोवळी पालवी आठवावी असं.

"ऐक," मामा म्हणाला. उंचावरून 'किक्, किक्' असा कोरडा आवाज. सुतार पक्षी. आपल्याला त्याचं काय कौतुक, पण आयर्लंडमधून रानांबरोबर हा पक्षीही नाहीसा झाला होता. याच शतकात तो आपणहून समुद्र ओलांडून परत आला आणि विकलोच्या ओकवनांत घरटी करू लागला. मी हे सांगितलं तेव्हा मामाने टोपी काढून हातात घेतली आणि तो आवाज थांबेपर्यंत तसाच वर बघत उभा राहिला.

भाषेचीही एक गोष्ट मी त्याच्यासाठी राखून ठेवली होती. ओकला आयरिशमध्ये 'दार'च्या जवळ जाणारा शब्द आहे. किल्डेअर म्हणजे ओकचं देऊळ, डेरी म्हणजे ओकचं रान. आणि आपल्या 'देवदार'मधला 'दारु', संस्कृतातलं लाकूड, हा त्याच मुळातून आलेला शब्द, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. मामा दिवसभर तो शब्द पुटपुटत होता.

दुपारी एव्हनडेल. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल १८४६ मध्ये याच घरात जन्मला. आयर्लंडच्या होमरूलचा तो सगळ्यांत मोठा नेता. लोकमान्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली तो शब्द मूळचा या आयरिश चळवळीचा. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी कोणी बोलू नये, व्यवहार करू नये, असं पार्नेलने १८८० मध्ये भाषणात सांगितलं. त्याचा पहिला मोठा तडाखा कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीन-कारभाऱ्याला बसला आणि त्याचं आडनावच जगाला क्रियापद म्हणून मिळालं.

मामाला मात्र इथे दुसरं तीर्थ सापडलं. पार्नेलच्या मृत्यूनंतर, १९०४ मध्ये, सरकारने ही जागा घेऊन वनशिक्षणाची शाळा काढली. देशात एक टक्का झाडं उरली असताना कोणतं झाड इथल्या मातीत चालेल हे ठाऊक नव्हतं, म्हणून एकेका एकराचे तुकडे पाडून प्रत्येकात निराळी जात लावली. आयर्लंडच्या वनखात्याची ही नर्सरी. जवळजवळ एकशे वीस वर्षांची ती झाडं आज आभाळाला टेकली आहेत, आणि त्यांच्या शेंड्यांतून जाणारी लाकडी वाट २०२२ मध्ये खुली झाली. मी वर चढले. मामा खालीच राहिला. एका जाडजूड बुंध्याला मिठी घालून वितीने घेर मोजत होता, आणि मोजून झाल्यावर चुकल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा मोजत होता.

रात्री रॅथड्रमला ज्या घरी उतरलो तिथल्या बाईंनी विचारलं, "लिओ वराडकरांच्या बाजूचे का तुम्ही?" त्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आम्ही नाशिकचे, अंतर पुष्कळ. पण आयर्लंडच्या पंतप्रधानपदी दोनदा बसलेल्या माणसाचं आडनाव इथली माणसं ओळखीचं म्हणून आपल्यापुढे ठेवतात, तेव्हा ऊर भरून येतो.

तिसरा दिवस: रॅथड्रम ते शिलेली

एव्हनमोर आणि एव्हनबेग या नद्यांचा संगम वाटेतच. एव्हॉकाच्या वर लाल घारी फिरत होत्या, शेपटी दुभंगलेली, उन्हात तांबूस. त्यांचंही इथून उच्चाटन झालं होतं. २००७ पासून वेल्समधून पिल्लं आणून विकलोत सोडली, त्यांचा हा वंश.

वुडनब्रिज, ऑक्रिम असं करत आम्ही मोठा रस्ता सोडून बोरीनला लागलो. बोरीन म्हणजे गावरस्त्याहूनही लहान वाट. शब्दश: 'छोटा रस्ता'. मधोमध गवताची शेंडी, दोन्हीकडे माणसाहून उंच कुंपणझाडी, समोरून ट्रॅक्टर आला तर शेताच्या फाटकात शिरून उभं राहायचं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून अशा स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० वर आणली, सायकलवाल्यांना त्याचं मोल कळतं. मार्च ते ऑगस्ट कुंपणं छाटायला कायद्याने बंदी असते, पाखरांची घरटी असतात म्हणून. त्यामुळे मे महिन्यात हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी लगडलेला असतो. हे झाड शेताच्या मध्यात एकटं उभं असलं तर शेतकरी त्याला हात लावत नाही, परींचं झाड मानतो. नांगर वळसा घालून नेतो. देवराईतली काटकीसुद्धा न उचलणारी माणसं आपल्याकडे आहेत, तीच ही भावना.

त्याच हॉथॉर्नने टिनहीलीच्या अलीकडे मामाच्या मागच्या चाकाचा जीव घेतला. भाड्याच्या दुकानाने दिलेली जादा ट्यूब काढली तर तिचा व्हॉल्व्ह जाडा, रिमच्या भोकातून जाईना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सायकल देताना एवढं पाहायला नको? मामा मात्र गवतावर मांडी घालून बसला. टायर सोडवला, ट्यूब बाहेर काढली, थोडी हवा भरून गालाजवळ फिरवली. जिथे गार लागलं तिथे बोट ठेवलं. मग टायरच्या आतून अंगठा फिरवत गेला, अगदी सावकाश, इंच इंच, आणि थांबला. नखाने दाबून काटा बाहेर काढला. बाभळीच्या काट्याएवढाच, फक्त काळपट. "नुसतं पॅच मारून काटा तसाच ठेवला तर दहा मिनिटांत परत बस," तो म्हणाला. कानस घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर मारून सुकू दिलं, पॅच दाबून धरला. काटा त्याने कागदात गुंडाळून खिशात टाकला.

हवेची ही ट्यूबही या बेटाचीच देणगी. बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, १८८८ मध्ये पेटंट घेतलं, आणि पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये त्याचा कारखाना सुरू झाला.

टॉमनफिनॉग. हे नाव लिहिताना माझा हात थांबतो, कारण या पाच दिवसांतली मला सगळ्यांत जवळची जागा ती. शिलेलीची ओकची रानं एके काळी युरोपभर ख्यातनाम होती. इथलं लाकूड दूरदूरच्या राजवाड्यांच्या छतांना गेल्याचं लोक अभिमानाने सांगतात. आयरिश लोकांच्या जाड लाकडी काठीला 'शिलेली' म्हणतात तेही याच गावाचं नाव. त्या अफाट रानाचा हा उरलेला तुकडा, डेरी नदीच्या काठावर. १९८० च्या दशकात आजूबाजूची ओकची झाडं कापायला घेतली तेव्हा लोक त्याविरुद्ध उभे राहिले, आणि अखेर हे रान सरकारकडे आलं, राखलं गेलं.

आत उंच ओक एकमेकांपासून सुटे उभे आहेत, प्रत्येकाला आपली जागा. खाली हेझेल आणि हॉली. पाण्याचा आवाज सोबतीला. मामा इथे खूप वेळ काही बोललाच नाही. खात्यात असताना तो जसा चालत असेल तसा चालत होता, चार पावलं आणि एक नजर खाली. मग गुडघ्यावर बसला. पानगळीतून बोटभर रोप वर आलं होतं. पाच पानं, तांबूस, कडा ओकच्या ओळखीच्या लाटेसारख्या, आणि बुडाशी अजून चिकटलेलं ओकचं फुटकं फळ, अॅकॉर्न.

"मोठी झाडं बघायला सगळे येतात," तो म्हणाला. "रान जिवंत आहे का ते इथे कळतं. याच्याएवढी किती आहेत, हाताएवढी किती, कमरेएवढी किती." आम्ही मोजायला लागलो. बोटभर बरीच सापडली. हाताएवढी दोन. कमरेएवढं एकही दिसलं नाही. "खातंय कोणीतरी," मामा म्हणाला, आणि वाटेवरच्या चिखलात खूर दाखवले. विकलोत सिका जातीची हरणं फार झाली आहेत. १८६० च्या सुमारास पॉवर्सकोर्टच्या जमीनदाराने हौसेखातर जपानमधली ही हरणं आणली, ती पसरली, आणि त्यांना खाणारा लांडगा या देशातून केव्हाच संपला आहे. झाडं राखली, पण नातवंडं वाढत नाहीत अशी या घराची स्थिती. मामाने वाळक्या हॉलीची एक काटेरी फांदी उचलली आणि त्या रोपाभोवती आडवी टाकली. त्याने काय होणार, असं मी विचारलं नाही.

चौथा दिवस: शिलेली ते ग्रेगनमॅना

क्लोनेगल, बनक्लोडी, आणि तिथून माउंट लेन्स्टरचा चढ. शिखर ७९५ मीटर, आम्हाला जायचं होतं फक्त नाइन स्टोन्सच्या खिंडीपर्यंत, तेही मांड्या भरून येईपर्यंत पुरलं. शेवटच्या वळणावर मी उतरले आणि सायकल ढकलली. मामा उतरला नाही. वर रस्त्याकडेला ओळीने रोवलेले छोटे दगड आहेत, आणि पश्चिमेला बॅरो नदीचं अख्खं खोरं.

खाली बॉरिस. सोळा कमानींचा जुना रेल्वेपूल गावाच्या कडेला उभा आहे, रेल्वे केव्हाच गेली. रस्त्याला लागून लांबच लांब दगडी भिंत आणि त्यामागे मॅकमरो कॅव्हना घराण्याचा वाडा. हे लेन्स्टर प्रांताच्या जुन्या राजांचे वंशज. या भिंतीपाशी मी मामाला थांबवलं, कारण मला त्याला एका माणसाविषयी सांगायचं होतं.

आर्थर मॅकमरो कॅव्हना. जन्म १८३१, याच वाड्यात. हात नाहीत, पाय नाहीत, जन्मतःच फक्त आखूड खुंट. आईने त्याला कोपऱ्यात बसवून ठेवला नाही. लिहायला, चित्र काढायला, मासे धरायला शिकवलं, आणि खास खोगिरात बांधून घोड्यावरही बसवलं. लगाम तो त्या खुंटांनीच सांभाळायचा. १८४९ मध्ये थोरल्या भावाबरोबर आणि शिक्षकाबरोबर तो घराबाहेर पडला. रशिया, इराण असं करत खुष्कीने आणि समुद्राने हिंदुस्थानात पोचला. पुढे भाऊ वारला, पैसे संपले. आणि मग पोट भरायला या माणसाने नोकरी धरली ती औरंगाबाद भागात घोड्यावरून टपाल पोचवायची. त्यानंतर पुण्याच्या सर्व्हे खात्यात. १८५३ मध्ये परत आला, वाडा आणि जमीन त्याच्याकडे आली, पुढे चौदा वर्षं तो ब्रिटिश पार्लमेंटात होता.

मामा भिंतीला हात लावून उभा होता. "औरंगाबाद भागात? घोड्यावरून?"

"हो."

"कुठल्या रस्त्याने?"

ते मला सांगता आलं नाही. मामाने स्वतःच मनात रस्ते लावायला सुरुवात केली. फुलंब्री, कन्नड, औट्रम घाट उतरून चाळीसगाव. किंवा दौलताबादवरून वेरूळ. त्या काळची निजामाची हद्द, पावसाळ्यातल्या नद्या, वाटेतलं रान. कितीतरी वर्षं ज्या वाटांवर त्याने सायकल मारली होती, त्यांपैकी एखाद्या वाटेवरून बॉरिसचा हा माणूस खोगिराला बांधलेला, पत्रांची पिशवी घेऊन दौडत गेला असेल. "आणि आम्ही रिझर्व्हमध्ये चिखल आहे म्हणून फिरती पुढे ढकलायचो," असं काहीतरी तो हळू म्हणाला. मग पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली, आणि पुढचे बारा किलोमीटर माझ्यापुढे राहिला.

पाचवा दिवस: बॅरोचा काठ

ग्रेगनमॅनाचा मठ विल्यम मार्शल या नॉर्मन सरदाराने १२०४ मध्ये स्थापला. गावाच्या घरांत तो असा मिसळून गेलाय की दारापर्यंत गेल्याशिवाय त्याचा आवाका कळत नाही. सकाळची प्रार्थना चालू होती, आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि निघालो.

तिथून सेंट मलिन्सपर्यंत नदीकाठाने गवताळ वाट. पूर्वी घोडे या वाटेने चालत आणि दोराने नावा ओढत. सायकल सावकाशच चालवावी लागते, माणसं चालत असतात, बगळे उठतात. दुतर्फा अॅशची झाडं, आणि त्यांचे शेंडे वाळलेले. मामाने विचारायच्या आतच मी सांगितलं, हा बुरशीचा रोग, २०१२ मध्ये इथे पहिल्यांदा सापडला आणि देशभर पसरला. हर्लिंगच्या खेळाच्या काठ्या अॅशच्याच लाकडाच्या. किल्केनी म्हणजे तर त्या खेळाची पंढरी.

सेंट मलिन्सला समुद्राची भरती येऊन थांबते. संत मोलिंग सातव्या शतकातला. त्याच्या मठाच्या पडक्या भिंती, आणि दफनभूमीत लेन्स्टरचे राजे. १४१७ मध्ये वारलेला आर्ट मॅकमरो कॅव्हनाही इथलाच, म्हणजे आमच्या टपालवाल्याचा पूर्वज. खाली संताची विहीर. पाणी गार, चव लोखंडाची. मामाने ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायला. पुढे इनिस्टीगचा दहा कमानींचा पूल आणि नोअर नदी पाहून आम्ही थॉमसटाउनला आलो, रेल्वेला अर्धा तास होता.

फलाटावर मामाने डायरी काढली. मी वाचू का विचारलं, त्याने वही माझ्याकडे सरकवली. पाच दिवसांची पाच पानं, खात्याच्या जुन्या पद्धतीने, तारीख, ठिकाण, अंतर, नोंद. बॉरिसच्या पानावर नोंदीच्या जागी फक्त 'औरंगाबाद' आणि खाली दोन रेघा. टॉमनफिनॉगच्या पानावर कागदात गुंडाळलेला तो काटा टाचणीने लावला होता आणि लिहिलं होतं:

'ओक, मोठे: भरपूर. रोपं: बोटभर, पुष्कळ. हातभर, २. कमरेएवढं, नाही. चराई थांबवणे. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजणे.'

"पुढच्या मेमध्ये?" मी विचारलं.

"तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात ना?" मामा म्हणाला. लांबवर रेल्वेचा आवाज आला तसे आम्ही सायकलींवरच्या पिशव्या सोडायला लागलो.